आक्का, तुमचा डोळा बरा झाला होता

तुमच्या दहाव्याला, आक्का, गुंजवणी नदीच्या काठी आम्ही बायका एका अंगाला बसलो होतो. पिंड मांडून झाले होते, पुरुष कावळ्याची वाट बघत उभे होते आणि बुवांचं प्रवचन संपत आलं होतं. माझ्या मागे तुमची कामथडीची मावसबहीण, पारूमावशी, बसली होती. ती शेजारणीला हळूच म्हणाली, “डोळ्याला सुरी लावली, तितंच घात झाला बग. रगताची गाठ व्हती ती. तसल्या गाठीला हातच लावायचा नसतो.”

मी मागे वळले आणि म्हणाले, “आक्का हार्टनं गेल्या. त्यांचा डोळा बरा झाला होता.”

आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. रोज वर्गभर पोरांपुढे बोलायची सवय, ती नदीकाठ बघून थोडीच जाते. बुवा बोलता बोलता अडखळले. तुमच्या मालकांनी, भाऊजींनी, पलीकडून मान वर करून पाहिलं. पारूमावशी म्हणाली, “आसंल बाई. आमी आपलं ऐकलं तसं बोललो.”

ऐकलं तसं. म्हणजे आपल्या मार्गासनीपासून कामथडीपर्यंत तुमच्याबद्दल हेच ऐकलं जातंय तर. तुम्ही असता तर पदर खोचून एकेकाच्या दारात उभ्या राहिला असता. आता ते काम माझ्याकडे आलंय. म्हणून लिहायला बसले. बोलते आहे तुमच्याशीच, पण आजूबाजूच्यांनी ऐकलं तर बरंच आहे.

आपलं पहिल्यापासून जमलं असं कुणी म्हणालं तर तुम्हीच हसाल. मी भोरच्या बाजारपेठेत वाढलेली, नोकरी करणारी धाकटी जाऊ. तुम्ही शिवऱ्याहून सून होऊन आलेल्या, घर आणि शेत दोन्ही हाताखाली घेतलेल्या थोरल्या. मी आले त्याच वर्षी तुम्ही मला भाताच्या खाचरात उतरवलंत, आणि माझी रोपं वाकडी लागली म्हणून साऱ्या बायकांसमोर उपटून पुन्हा लावायला लावलीत. वर विचारलंत, “मास्तरीणबाई, फळ्याव रेघ बी आशीच वडता का?” मी रागाने त्या दिवशी जेवले नाही. तुम्ही माझं ताट झाकून ठेवलंत, पण ‘जेव’ म्हणाला नाहीत. पुढची सगळी वर्षं आपण थोड्याफार फरकाने अशाच राहिलो.

डोळ्याचं सुरू झालं ते भाताच्या झोडणीच्या दिवसांत. उजव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, नाकाकडच्या कोपऱ्यात, एक लाल ठिपका. “भाताचं कूस गेलं आसंल,” म्हणत तुम्ही पदराने डोळा पुसलात आणि पुढची पेंढी उचललीत. मेडिकलमधून थेंब आणून झाले. ठिपका गेला नाही. होळीच्या सुमारास तो तांदळाच्या दाण्याएवढा झाला आणि एका सकाळी तुमच्या उशीवर रक्ताचा डाग दिसला. डोळ्यातून रक्त येतंय म्हटल्यावर सासूबाईंचा धीर सुटला. त्यांनी देवऋष्याला बोलवायचं काढलं. तुम्ही भाकरी थापत होतात. मान वर न करता म्हणालात, “आत्याबाई, रगात माज्या डोळ्यातनं येतंय. देवाला कशापायी तरास?”

त्याच उन्हाळ्यात आपल्या चुलत दिराच्या मुलीचं लग्न होतं. हळदीला तुम्ही ताट घेऊन पुढे झालात तेव्हा एका चुलत सासूबाईंनी ते तुमच्या हातातून घेतलं. “शालन, तुजा डोळा लाल हाय. तू जरा आत बस,” त्या म्हणाल्या. मी उठले, त्यांच्या हातातून ताट घेतलं आणि परत तुमच्या हातात दिलं. तुम्ही नवरीला हळद लावलीत, अगदी सावकाश, दोन्ही गालांना. आणि नंतर स्वयंपाकघरात मला गाठलंत.

“माजी वकिली कराया तुला कुनी सांगितलं? म्या बोलनार व्हते की.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोलाया दिलंस व्हय?”

फोटोवाल्यासमोर उभं राहताना कुणीतरी तुमच्यासाठी काळा चष्मा आणून दिला. तुम्ही तो आपल्या भाच्याच्या नाकावर चढवलात. त्या लग्नाच्या अल्बममध्ये तुम्ही पानोपानी आहात, लाल डोळ्याने सरळ समोर बघणाऱ्या.

लग्न उरकल्यावर एका दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी पापणी वर केली, टॉर्च मारला आणि सांगितलं की मांस वाढलंय, शेतात ऊन-धूळ लागून वाढतं, लगेच काढून टाकू. काढलं. तुम्ही पट्टी बांधून दुपारच्या एसटीने घरी आलात आणि संध्याकाळी गोठ्यात धार काढायला बसलात. आम्हाला वाटलं, संपलं. पण भात पोटरीला आलं तोवर ते पुन्हा उगवलं होतं, आणि पहिल्यापेक्षा मोठं. पिकायला आलेल्या करवंदासारखं, लाल आणि काळ्याच्या मधलं. पापणी मिटली तरी त्याचा उंचवटा दिसायचा.

तेव्हा मी तुम्हाला भोरच्या डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. तुम्ही यायला तयार नव्हता. “एकदा कापून झालंय, आता काय दुसऱ्यांदा कापत्याल,” हेच म्हणत होतात. मॅडमनी तुमची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली आणि उजेडाची बारीक फट डोळ्यावर पाडून त्या बघत राहिल्या. बराच वेळ. वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा. पापणी उलटून आतून पाहिली. थेंब घालून डोळा बधिर केला आणि कापसाच्या काडीने ती गाठ हलते का, दाबल्यावर फिकी पडते का, ते बघितलं. मग यंत्रामागून बाहेर येऊन विचारलं, “पहिल्यांदा काढलेला तुकडा तपासायला पाठवला होता का?”

तुकडा तपासायचा असतो हेच आपल्याला माहीत नव्हतं.

मॅडम चिडल्या असाव्यात, पण आपल्यावर नाही. त्या म्हणाल्या, “हे रक्तवाहिन्यांमधून वाढलंय, एवढं दिसतंय. या गाठीला रक्त पुरवणाऱ्या जाड शिरा बघा, सगळ्या हिच्याकडेच धावल्यात. पण ही कुठल्या जातीची, ते नुसतं बघून मी सांगणार नाही. जखम भरताना वाढलेलं मांस असू शकतं, शिरांचा साधा गुंता असू शकतो. आणि फार क्वचित कॅन्सरही असतो. बाहेरून सगळे लालच दिसतात.”

तुम्ही तो शब्द ऐकलात आणि काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणालात, “मंग तुमीच काढा की.”

“मी आज हात लावणार नाही. एकदा अर्धवट निघालंय. आता निघायचं तर एकदाच आणि पुरतं निघायला हवं. त्यासाठी पुण्याला जा.”

परतीच्या एसटीत तुम्ही नसरापूर येईपर्यंत मॅडमचा उद्धार करत होतात. “बगाया तासभर आन करायचं कायच न्हाई. घाबरली ती.” मी म्हणाले, जे पहिले डॉक्टर घाबरले नाहीत त्यांनी काय केलं ते तुमच्या डोळ्यात दिसतंय. मग तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. मला वाटलं, रागावलात. मार्गासनीला उतरताना तुम्ही म्हणालात, “पुन्याला कवा जायाचं ते बग.”

पुण्यातले डॉक्टर वयाने तरुण होते, बोलायला शांत. त्यांनी डोळ्याचे फोटो काढले, डोळ्याच्या खोबणीचा एमआरआय करायला सांगितला, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. त्यांतली एक एचआयव्हीची होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की शरीराची ताकद त्या आजाराने खचली की डोळ्यावर अशीच एक लाल गाठ येऊ शकते. ती शक्यता बाजूला काढायची आहे, आणि तुमची संमती असेल तरच. भाऊजी उभे राहिले. “आमच्या घरात तसलं काय न्हाई. चल गं, उठ,” ते म्हणाले. खोलीत नर्स होती, शिकणारे दोन डॉक्टर होते. मला वाटलं, इथून आपण आता परत जाणार.

तुम्ही खुर्चीतून हललाही नाहीत. बाही वर सारलीत आणि हात टेबलावर ठेवलात. “रगात माजं हाय. घ्या.” आणि मग भाऊजींना, “तुमी बी द्या. म्हंजी घरी गेल्याव कुनाची तोंडं वाकडी व्हायाची न्हाईत.”

भाऊजींनी दिलं. आक्का, तुम्हाला त्या वेळी त्यांचा चेहरा दिसला नाही, कारण ते तुमच्या उजव्या बाजूला होते आणि तो डोळा तुम्ही मिटून धरला होता. मी पाहिला. त्यात राग नव्हता. इतक्या वर्षांत तुम्ही त्यांना काही करायला सांगितलंत आणि त्यांनी ते मुकाट्याने केलं, असं मी पहिल्यांदा बघत होते. दोघांचंही रक्त चांगलं निघालं. पण मी आज सांगते, नसतं निघालं तरी तुम्ही तशाच ताठ बसला असता आणि पुढचं विचारलं असतंत. ज्या आजाराचं नाव घ्यायला आपल्याकडची माणसं दार लावून घेतात, त्याची तपासणी तुम्ही भर खोलीत करून घेतलीत, आणि तुम्हाला त्यात लाजण्यासारखं काही दिसलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आपलं भांडण झालं. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून इथे काढते. डॉक्टर सांगून गेले होते की एमआरआयमध्ये गाठ वरवरचीच दिसते. पण उघडल्यावर मुळं खोल निघाली आणि तपासणीत जात वाईट आली, तर पुढे कधीतरी डोळाच काढायची वेळ येऊ शकते. मनाची तयारी असू द्या. ते गेल्यावर आपण दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो.

मी म्हणाले, “आक्का, डोळा गेला तरी चालेल. तुम्ही राहिलं पाहिजे.”

“तुला चालंल. डोळा माजा हाय.”

“जीवही तुमचाच आहे.”

“म्हनूनच म्हनते. आदी त्या गाठीचं नाव सांगा म्हनावं. नाव कळल्याबगर म्या डोळा देनार न्हाई.”

“आणि नाव कळल्यावर?”

“तवाचं तवा.”

मी चिडून उठून गेले आणि जिन्याजवळ उभी राहून रडले. तुम्हाला वाटलं मी हट्टाने गेले. मी भीतीने गेले होते, आक्का. सासरी आल्यापासून माझ्याशी जी बाई रोज भांडत होती, तिच्याशिवाय ते घर कसं असेल, ते डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला आणि मला ते जमलं नाही. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही बरोबर होता की मी, तेही कळायचं राहून गेलं, कारण तुम्हाला तो निर्णय घ्यावाच लागला नाही. जात वाईट निघाली असती तर तुम्ही डोळा दिला असता का? मी तुमच्या पाया पडले असते, भाऊजींना मध्ये घातलं असतं, मॅडमना भोरहून बोलावलं असतं. तुम्ही ऐकलं असतंत असं मी स्वतःला सांगते. तुम्ही असता तर म्हणाला असता, सांगत बस.

भूल डोळ्यापुरतीच होती. त्यामुळे आतलं सगळं तुम्ही ऐकलंत आणि घरी येऊन गावभर सांगितलंत. “डागदर म्हनत व्हते, गाठीला धरू नगा, चिमटा लावू नगा, कडंकडंनं चांगलं मांस घिऊन काढा. मंग कडंला बर्फावानी काय तरी लावलं, आरपार गार.” गाठीच्या पेशी सांडू नयेत म्हणून तिला न धरता काढायची असते आणि उरल्यासुरल्या पेशी मराव्यात म्हणून कडा गोठवतात, हे डॉक्टरांनी मला मागाहून सांगितलं. कापलेल्या जागी एक पातळ पडदा बसवला होता. बाळंतपणात वारेबरोबर जी पिशवी बाहेर पडते तिचा. आया ती दान देतात. हे कळल्यावर तुम्ही इतक्या खूश झालात की डोळा दुखत असूनही हसलात. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायचात, “कुना बाळतिनीची वार माज्या डोळ्यात बसविली. आता माजा डोळा तान्हा हाय, त्याला जपाया पायजे.” ज्यांनी तुम्हाला हळदीला आत बसायला सांगितलं होतं त्याही आल्या होत्या. त्यांना तर तुम्ही पट्टी वर करून दाखवलीत.

या वेळी तुकडा कुठेही फेकला गेला नाही. पण त्याचं नाव लवकर कळलं नाही. पहिल्या तपासणीत नक्की सांगता येईना. मग वेगवेगळे रंग देऊन पुन्हा तपासला, मग तुकड्याचे पातळ काप लावलेल्या काचा दुसऱ्या एका तज्ज्ञाकडे पाठवल्या. आमच्या ह्यांना वाटायचं, एवढा उशीर म्हणजे वाईटच असणार. सासूबाई बोलायच्या बंद झाल्या. तुम्ही मात्र शेतात होतात, डोळ्यावर प्लास्टिकची जाळीदार वाटी चिकटवून कडेला बसून बायकांना हुकूम सोडत.

रिपोर्ट घ्यायला आपण दोघीच गेलो. डॉक्टर म्हणाले की रक्तवाहिनीला आतून जे अस्तर असतं त्याच्या पेशींतून ही गाठ उठली आहे. कॅन्सरच आहे, पण सावकाश चालणारा. डोळ्यावर इतका विरळा की त्यांनी स्वतः तो आजवर पुस्तकातच वाचला होता. कडा स्वच्छ आल्या आहेत, म्हणजे गाठ पुरती निघाली आहे. डोळा काढायची गरज नाही. छाती आणि पोट तपासून घेऊ आणि मग दर काही महिन्यांनी बघत राहू, वर्षानुवर्षं. त्यांनी गाठीचं इंग्रजी नाव सांगितलं. तुम्ही मला ते पुन्हा म्हणायला लावलंत, मग आणखी एकदा. “एवढुशा गाठीला एवढं लांबडं नाव,” तुम्ही म्हणालात. जिना उतरताना तुमचा हात माझ्या खांद्यावर होता. आधारासाठी असेल. मी तसं काही विचारलं नाही.

छाती स्वच्छ निघाली, पोटही. त्यानंतरची वर्षं ही मंडळी का विसरतात, आक्का? तुम्ही त्या डोळ्याने तांदूळ निवडलेत, नातवाच्या पायातला काटा काढलात, पेपरातल्या बातम्या मोठ्याने वाचून सासूबाईंना ऐकवल्यात. व्रणामुळे तो डोळा बाहेरच्या बाजूला पुरता वळत नसे, म्हणून उजवीकडे बघितलं की तुम्हाला एकाचे दोन दिसायचे. एकदा जेवताना मी तुमच्या उजव्या हाताला बसले तर म्हणालात, “हिकडं सरक. तितं तू दोन दिसतीस, आन मला एकच जड जाती.” घरातले सगळे हसले, मीही हसले.

दर काही महिन्यांनी आपण भोरला मॅडमकडे जायचो. मॅडम फोटो काढायच्या, जुन्या फोटोशेजारी ठेवून बघायच्या. मधे एकदा व्रणाच्या कडेला लाल दिसलं. मी दोन घास धड खाल्ले नाहीत. मॅडमनी सांगितलं की खोकल्याच्या जोराने केसाएवढी बारीक शीर फुटलीय, आपोआप जाईल, आणि ती गेली. तुम्ही पुढे वर्षभर मला ऐकवत होतात की हिच्यापायी चांगला पेरणीचा दिवस वाया गेला. शेवटची खेप गेल्या दिवाळीनंतरची. मॅडम म्हणाल्या, “स्वच्छ आहे.” तुम्ही म्हणालात, “मंग बोलावता कशाला?” मॅडम म्हणाल्या, “स्वच्छ आहे हे बघायलाच.”

आणि मग ती सकाळ. तुम्ही डेअरीला दूध घालून आलात, ओट्यावर बसलात, पाणी मागितलंत. छातीत जड वाटतंय म्हणालात. भाऊजींनी शेजारचा टेम्पो बोलावला. मी तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, दोन्ही डोळ्यांनी. नसरापूरच्या अलीकडे तुमचा श्वास थांबला. दवाखान्यात त्यांनी तपासून सांगितलं की हृदय बंद पडलं. डोळ्याचा त्यात काही संबंध नाही, हे मी तिथल्या डॉक्टरांना विचारून घेतलं. त्यांना नवल वाटलं असेल की ही बाई रडता रडता हे काय विचारते. पण मला आपली माणसं माहीत आहेत.

आता पारूमावशीचं सांगते. दहाव्याच्या जेवणात मी वाढत होते. मघाचं मनात राहिलं असावं, म्हणून ती मला थांबवून म्हणाली, “रागवू नगं बाई. आमच्या सुनंला, मंगलला बी डोळ्यात आशीच लाल गाठ आलीया. भोरच्या डागदरनीनं पुन्याची चिठ्ठी दिली व्हती, तारीख बी ठरली व्हती. शालनचं कळलं, आन म्या म्हनलं, नगं. ऱ्हाऊ दे हाय तशी.”

तुम्ही गेलात हे दुःख माझं आहे, ते मी सोशीन. पण तुमचं नाव सांगून कुणाच्या सुनेला दवाखान्यातून परत बोलावलं जावं, हे मी खपवून घेणार नव्हते. तुम्हाला राग आला असता तसाच मला आला. तेराव्यानंतरच्या रविवारी मी कामथडीला गेले. भाऊजी म्हणाले, “तेरावा हून आठवडा बी झाला न्हाई, कुठं हिंडतीस?” मी कुठे जाते ते सांगितलं. ते आत गेले, चप्पल घालून आले आणि मोटारसायकल काढली.

मंगल तिशीची असेल, अंगाने बारीक. अंगणात कांदे निवडत होती. गाठ डाव्या डोळ्यात, खालच्या पापणीच्या आत. तिने पहिलं विचारलं ते हे, “त्यास्नी लई दुखलं का वो?”

“भूल उतरल्यावर दुखलं. टाके टोचायचे, पाणी गळायचं. मग राहिलं.”

पारूमावशी उंबऱ्यातून म्हणाली, “कॅन्सर व्हता म्हनं तो.”

“होता,” मी म्हणाले. “आणि तो काढला. पुन्हा आला नाही. आक्का गेल्या त्या हार्टने.”

“आन माजा बी त्योच आसंल तर?” मंगलने विचारलं.

“असेल किंवा नसेल. मला माहीत नाही, मावशीला नाही. भोरच्या मॅडमनाही अजून नाही. तुकडा काढून तपासल्याशिवाय ते कुणालाच कळणार नाही. पण नाही तपासला तर गाठ काही वाट बघत थांबणार नाही.”

भाऊजी अंगणाच्या कडेला खाटेवर बसले होते. ते या विषयावर कधी कुणाशी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. ते आमच्याकडे न बघता म्हणाले, “पोरी, तितं रगताची कसली कसली तपासनी सांगत्यात. घाबरू नगं. म्या बी दिलं व्हतं.” आणि मग पारूमावशीला, “पारू, तिला जाऊ दे. शालन आस्ती तर तिनं आतापतूर वडून नेली आस्ती.”

मंगल पुण्याला गेली. मी सुटी टाकून तिच्याबरोबर गेले, तुमच्यासारखाच रक्ताच्या तपासणीच्या संमतीचा कागद समोर आला, तिनेही सही स्वतः केली. तुकडा तपासायला गेला, आणि या वेळी नाव लगेच कळलं. बारीक काही तरी टोचून झालेल्या जखमेवर वाढलेलं रक्ताळ मांस. साधं. बाकी काही नाही. मी शाळेच्या व्हरांड्यात फोनवर रिपोर्टचं ऐकलं. मला आनंद झाला होता, आणि त्याच वेळी तुमच्या वाट्याला हे साधं नाव का आलं नाही म्हणून तुमच्या देवाचा रागही आला होता. दोन्ही खरं आहे.

संध्याकाळी पारूमावशीचा फोन आला.

“मंग उगाच कापलं की गं,” ती म्हणाली.

“उगाच नाही मावशी. आता माहीत आहे.”

मागे कुणीतरी भांडी घासत होतं. मग तिने विचारलं, “शालनचा बी तुकडा आसाच काढला व्हता का?”

“असाच.”

“आन डोळा ऱ्हायला व्हता तिचा?”

“राहिला होता. शेवटच्या घटकेला माझ्याकडे बघत होत्या.”

“म्हंजी तू बगितलंस.”

“माझ्या मांडीवर डोकं होतं त्यांचं.”

“मंग हितं तसंच सांगते म्या समद्यास्नी,” पारूमावशी म्हणाली.

“तसंच सांगा,” मी म्हणाले.